जकातघराची खिडकी आणि दुसरा खंड

दाराच्या चौकटीवरचा रंग एका कोपऱ्यात फुगून उचलला गेला होता. तो मी नखाने काढला. माझा अपराध एवढाच, असे माझे नम्र म्हणणे आहे. पुढे जे घडले ते सर्व त्या नखाचे परिणाम होत. (आमच्या सौभाग्यवतींना हे मान्य नाही. त्यांच्या मते, नखापाशी थांबणारा मनुष्य मी कधीच नव्हतो.)

त्या रंगाखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली एक गंभीर असा करडा. सामान्य मनुष्याने अशा वेळी वरून नवा रंग फासून विषय मिटवला असता. परंतु मी वाचणारा मनुष्य आहे. परिस्थितीमुळे शाळा लवकर सुटली. तेव्हापासून जे काही ज्ञान मिळवले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर बसून, स्वतःच्या हिमतीवर मिळवले, आणि पाणीपुरवठा खात्यात जावक कारकून असतानाही डब्याबरोबर पुस्तक नेण्याचा नेम मोडला नाही. (पत्रे पाठवणे हे माझे काम होते. त्यांची उत्तरे आवक विभागाकडे येत. ती वाचण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.) तो करडा ठिपका दिसताच मी चपला पायात सरकवल्या, ग्रंथालय गाठले आणि जुन्या इमारतींच्या संवर्धनावरचा सर्वांत जाड ग्रंथ मागितला. ग्रंथ दोन खंडांत होता आणि ग्रंथालयात त्याची तेवढीच एक प्रत होती. दोन्ही खंड छातीशी धरून मी घरी आलो. पहिला उघडला, दुसरा हिच्या शिवणाच्या टेबलावर ठेवून दिला.

आता घराविषयी सांगणे भाग आहे. पुलाच्या तोंडाशी जे बसके दगडी घर दिसते, ते पूर्वीचे जकातघर. एके काळी पुलावर जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या रस्त्याकडच्या खिडकीशी अडवली जाई. पुढे जकात बंद झाली, घर निकामी ठरले आणि तिथेच नोकरीला असलेल्या माझ्या वडिलांनी ते विकत घेतले. लग्न होऊन ही या घरात आली आणि थोड्याच काळात पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. जकातीची खिडकी उंचावर आणि एवढीशी. गाडीवानाचे तोंड तेवढे दिसावे, अशा बेताची. अंथरुणातून हिला दिसे ते फक्त छत. (छतांच्या प्रकारांविषयी मी बरेच वाचले होते आणि ते हिला सांगतही असे. त्याचा गुण आला नाही.)

तेव्हा हिचा थोरला भाऊ आला. तो सुतार; जहाजांवरच्या खोल्यांचे लाकूडकाम करणारा. चार दिवस राहतो म्हणून आला आणि त्याने ती खिडकी खालच्या अंगाने पार गुडघ्याच्या उंचीपर्यंत फोडली. मग तिच्याबाहेर सागवानाची, तिन्ही बाजूंनी काचा लावलेली, पेटीसारखी एक खिडकी काढली. आत बसायला रुंद फळी. खाट तिला लावली की पडल्या पडल्या रस्ता दिसे. काम संपल्यावर हात पुसत तो मला म्हणाला, "दाजी, हिला कधी हात लावू नका बरं. घर आता हिच्यावर आहे." हा मनुष्य दर दोन वाक्यांमागे एक विनोद करी (मला तो ‘ग्रंथालयाची शाखा’ म्हणत असे), म्हणून हेही वाक्य मी त्याच खात्यात टाकून दिले.

ही बरी झाली. मुलगी झाली, मोठी होऊन सासरी गेली, भाऊही वारला. परंतु दुपारचे आवरले की ही त्या फळीवर जाऊन बसे, ती दिवेलागणीपर्यंत. शिवण हातात आणि डोळे रस्त्यावर. पडून राहण्याच्या दिवसांत हिला माणसे पायांवरून ओळखण्याची सवय जडली होती. "डॉक्टर आज उजवा पाय ओढतायत. त्यांनाच कुणीतरी तपासायला हवं," असे ही तिथूनच सांगे, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप दिसे. येणारेजाणारे काचेवर टिचकी मारून थांबत. समोरच्या दुकानातला शिंपी तर सुईत दोरा ओवून घ्यायला दिवसातून कैकदा रस्ता ओलांडून येई. (शिंप्याला सुई दिसत नाही, हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ही दोघे त्याला ‘चौकशी’ म्हणत.)

असे सर्व ठीक चालले असता मी पहिला खंड वाचून संपवला.

ग्रंथकार विद्वान होता. जुन्या इमारतीपुढे तीन वाटा असतात, असे त्याचे म्हणणे. ती आहे तशी जपावी. किंवा बदललेल्या गरजेप्रमाणे वापरात आणावी. किंवा नंतरची सर्व भर काढून टाकून तिला तिचे मूळ रूप परत द्यावे. पहिल्या दोन वाटांचा विचार दुसऱ्या खंडात येईल, असे एका तळटीपेत म्हटले होते. तळटिपा मी वाचतो. परंतु त्यांच्या मागे धावत नाही. तिसऱ्या वाटेने माझे मन जिंकले होते. इमारत ज्या दिवशी पुरी झाली त्या दिवसाचे रूप तेवढे खरे. पुढच्यांनी जोडले ते बांडगूळ. ‘बांडगूळ’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली (ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघ ओढण्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग), समाधानाने मान वर केली, तर समोर बांडगुळात बसून ही माझ्या सदऱ्याला बटण लावत होती.

त्याच सुमारास जुन्या इमारतींची यादी करणारी एक कमिटी आमच्या भागात फिरू लागली. ज्या घराची निवड होईल, त्याच्या दाराशी कोरीव दगडी पाटी बसणार होती. कमिटीच्या वास्तुविशारद बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून आमच्या घराचे फोटो काढून गेल्या, ही बातमी शिंप्याने आणली. आणि मी पाटीखाली उभा राहून, हात पाठीमागे बांधून, जमलेल्या लोकांना जकातघराचा इतिहास सांगतो आहे, असे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते पुसता पुसले जाईना. घर पाटीला पात्र व्हायचे, तर त्याला मूळ रूपात आणणे आले. दाराचा करडा रंग वर आणणे सोपे होते. प्रश्न होता खिडकीचा.

जेवताना मी हा विषय काढला. शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत, उदाहरणे देऊन, ही खिडकी या घरात मूळची नाही, हे हिला समजावून सांगितले. हिने ऐकून घेतले.

"मूळची तर मीही नाही या घरातली," ही म्हणाली.

ग्रंथकाराचा नियम केवळ स्थावर भागांना लागू आहे, असे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर हिने भात कालवायला घेतला.

"मग मी बसायचं कुठं?"

घरात उत्तम स्थितीतल्या खुर्च्या आहेत, असे उत्तर मी दिले. ते वस्तुस्थितीला धरून होते. पुढे ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फळीवरची सुयादोऱ्यांची टोपली, चष्म्याचे घर आणि बसायची चौघडी उचलून तिने टेबलावर नेऊन ठेवली. याला मी संमती समजलो. (आमच्या एवढ्या संसारात तिच्या गप्प बसण्याला मी नेहमीच संमती समजत आलो आहे. जावक विभागात अशीच पद्धत होती: आक्षेप आला नाही, की मंजूर.)

गवंडी आला तो प्रथम खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पण काका, इथं काकू बसतात ना?" मी त्याला तिन्ही वाटा समजावून सांगितल्या. तिसरी संपेपर्यंत त्याने निमूटपणे पहार उचलली होती.

काचा निघाल्या. फळी निघाली. शेवटी बाहेरची सागवानी चौकट सुटली मात्र, आणि भिंतीतून असा आवाज आला की तसा मी केवळ नोकरीत असताना, साहेब खुर्चीतून उठतानाच ऐकला होता. खिडकीच्या डोक्यावर भिंत तोलून धरणारा लांब दगड मधोमध चिरलेला होता. मेहुण्याने तो भंगलेला पाहिला होता, आणि गाजावाजा न करता त्याचा सगळा भार आपल्या चौकटीवर घेतला होता. घर आता हिच्यावर आहे, हे त्याने विनोदाने सांगितले नव्हते. दर दोन वाक्यांमागे विनोद करणाऱ्या माणसाचे उरलेले एक वाक्य लक्षपूर्वक ऐकावे, हा धडा मला त्या क्षणी मिळाला. परंतु दगड खाली सरकत होता.

गवंड्याने अंगणातला एक जाड वासा ओढून आत आणला आणि दगडाखाली उभा केला. वासा आखूड पडला. फार नाही, वीतभराहून कमी. "काहीतरी द्या मध्ये सारायला," तो दोन्ही हातांनी वासा धरून ओरडला. पाट दिला, तो पातळ पडला. वीट दिली, ती फुटली. मी खोलीच्या मध्यभागी उभा राहून पाचरींविषयी जे वाचले होते ते आठवू लागलो. एवढ्यात ही शांतपणे टेबलाशी गेली, तिथली एक जाडजूड वस्तू उचलली आणि माझ्या हातात दिली. मी ती वाशाच्या डोक्यावर सारली, गवंड्याने बाजूने ठोकली, दगडाने एक सुस्कारा सोडला आणि तो थांबला. वस्तू अगदी मापाची बसली होती. तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘खंड दुसरा’ असे लिहिले होते.

हे तात्पुरते आहे, असे आम्ही तिघांनीही मानले. गवंड्याने खालचा भाग दगडांनी बुजवून खिडकी पुन्हा पूर्वीइतकी उंच आणि एवढीशी केली. आता तिच्या मधोमध वासा उभा होता आणि वाशाच्या टोकावर पुस्तक होते, एवढा फरक सोडल्यास ती तंतोतंत मूळची दिसत होती. सागवान वाया जाऊ नये म्हणून मी सुताराकडून त्याचे पुस्तकांचे एक कपाट करवून घेतले. सुताराने सांधे कापताना विचारले होते, नक्की कापायचे का. असे सांधे हल्ली कुणी करत नाही. मी म्हणालो, कपाटाच्या मापात बसत नाहीत. कपाट फार सुरेख झाले. त्याच्या सर्वांत वरच्या फळीवर मी पहिला खंड उभा करून ठेवला.

मग वास्तुविशारद बाई आल्या. हातात त्यांनीच काढलेला फोटो होता. समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून त्यांनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा घराकडे, पुन्हा फोटोकडे. शेवटी शिंप्याला काहीतरी विचारले. शिंप्याने माझ्याकडे बोट केले. मी नवा सदरा घालून दारातच उभा होतो.

"काका, जकातघर हेच ना?"

"मूळ रूपातले," मी म्हणालो.

"आणि खिडकी?"

खिडकी नंतरची होती, ती मी स्वखर्चाने काढवून घेतली, असे मी अभिमानाने सांगितले. बाई आमच्या पायरीवर खाली बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. परंतु त्या दमलेल्या आवाजात, आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावे तशा, बोलू लागल्या. या रस्त्यावर अशी जकातघरे बरीच उरली आहेत, म्हणाल्या, सगळी एका नकाशावरून बांधलेली. त्यांत पाहण्यासारखे फार नाही. पण जिथे माणसांना अडवायचे, त्याच जागी पुढे माणसे आपणहून थांबू लागली, हे सांगणारे घर एवढे एकच होते.

"आम्ही घरासाठी आलोच नव्हतो," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीसाठी आलो होतो."

मी आत जाऊन पहिला खंड घेऊन आलो आणि पेन्सिलीची रेघ दाखवली. बाईंनी वाचले, पुस्तक मिटले आणि ते माझ्या हातात परत दिले.

"याच लेखकाने दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच पानावर हे मत मागे घेतलंय. चूक झाली म्हणून सरळ लिहिलंय. तो नाही वाचलात?"

मी काही उत्तर देण्याच्या आत, आतून हिचा आवाज आला. "आहे घरातच. वर आहे, पाहा."

बाईंनी आत येऊन पाहिले. त्यांनी वाशाला अगदी हलके बोट लावले आणि लगेच काढून घेतले. मग त्यांनी नियम सांगितला. घराचे नाव यादीच्या विचारात असल्यामुळे, निर्णय होईपर्यंत परवानगीवाचून कशालाही हात लावता येणार नाही. दगडाला नाही, वाशाला नाही, आणि मध्ये जे काही आहे त्यालाही नाही. इंजिनियर येतील, तपासतील, अहवाल देतील. (ते अजून यायचे आहेत.) अशा रीतीने, ज्या खंडात घराला हात लावू नये असे लिहिले होते, त्याला स्वतःला हात लावू नये, असा हुकूम निघाला. मी स्टुलावर चढून त्याच्या पाठीवरचे नाव तेवढे वाचू शकतो.

कपाट मोडून खिडकी पूर्ववत करता येईल का, असे मी बाईंना दाराबाहेर, हलक्या आवाजात विचारले. त्यांनी कपाटाचे कापलेले सांधे पाहिले होते. खिडकीसारखी खिडकी होईल, काका, त्या म्हणाल्या. परवानगी मिळाली तर. पण ती होणार नाही.

त्या दिवसापासून ही दुपारी शिंप्याच्या दुकानात जाऊन बसू लागली. भांडण नाही, अबोला नाही. माझा चहा झाकून ठेवून, शिवणाची टोपली घेऊन, रस्ता ओलांडून. तिथे एक बाक होता. त्यावरून रस्ताही दिसे, आमचे घरही दिसे. मी इकडे उत्तम स्थितीतल्या खुर्चीवर बसून वाचण्याचा प्रयत्न करी. परंतु ही घरात नसताना घरातल्या घड्याळाचा आवाज इतका मोठा होतो, हे मला कोणत्याही ग्रंथात आढळले नव्हते. काचेवर टिचकी मारायला काच नव्हती, म्हणून कोणी थांबत नसे. खुर्चीवर उभे राहून खिडकीतून डोके काढले, तर समोर ही शिंप्याची सुई ओवून देताना दिसे. एका पाणीपुरवठा खात्याच्या सेवानिवृत्त कर्मचाऱ्याने आपल्याच घराच्या जकातीच्या खिडकीतून आपल्याच पत्नीकडे टाचा उंचावून पाहावे, हे दृश्य येणाऱ्याजाणाऱ्यांना मनोरंजक वाटत असावे. पुलावरून जाणाऱ्या एका गाडीवाल्याने तर माझे डोके पाहून सवयीने वेग कमी केला.

एका दुपारी माझ्या सदऱ्याचे तेच बटण तुटले. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग उठलो, कपाटातली सगळी पुस्तके काढून जमिनीवर ठेवली, आणि रिकामे कपाट आडवे करून, ओढत, ढकलत, एकदा स्वतःच्या पायावर घेत, खिडकीखाली नेऊन लावले. आडव्या कपाटाची उंची बऱ्यापैकी झाली. वर चढायला मी स्टूल ठेवले. चौघडी घातली. चष्म्याचे घर ठेवण्यासाठी काही जागा होते का ते पाहिले, होत होती. मग बटण खिशात टाकून रस्ता ओलांडला.

दुकानात शिंपी होता, म्हणून मला फार बोलता आले नाही. (शिंपी नसता तरी आले असते, असे मी म्हणणार नाही.)

"घरी जरा बघतेस का येऊन?" मी विचारले.

"काय पाडलंत आता?"

"काही नाही. आडवे केले आहे."

ही आली. दारात उभी राहून तिने कपाटाकडे पाहिले, जमिनीवरच्या पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिले, आणि कपाटाच्या कडेवरून, जिथे भावाने हाताने फिरवलेली गोलाई अजून शिल्लक होती तिथून, बोट फिरवले. मग स्टुलावर पाय देऊन वर बसली. वाशाच्या एका बाजूने बाहेर डोकावली. बराच वेळ काही बोलली नाही. संमती आहे की काय, हे विचारण्याचे धाडस मला या खेपेला झाले नाही.

"इथनं चेहरे दिसतात," शेवटी ही म्हणाली. "पाय नाही दिसत."

मी म्हणालो, नाही दिसत.

"चेहऱ्यांवरनं काही कळत नाही हो माणसांचं. सगळी नीटच दिसतात." मग तिने हात पुढे केला. "आणा ते बटण."

आता ही तिथे बसते. वास्तुविशारद बाई मध्यंतरी येऊन गेल्या, तेव्हा त्यांनी आडव्या कपाटाचा फोटो काढला आणि, याला मात्र आम्ही योग्य पुनर्वापर म्हणतो, असे सांगितले. (पाटीविषयी त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.) ग्रंथपालबाई दुसऱ्या खंडाची चौकशी करायला स्वतः आल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, एक पाऊल मागे सरकल्या आणि म्हणाल्या, वाचून झालं की सावकाश परत करा. शिंपी पुन्हा ‘चौकशी’ करायला येऊ लागला आहे. फक्त आता त्याला सुई डोक्यावर धरून उभे राहावे लागते.

रस्त्याने जाणारी माणसेही थांबू लागली आहेत. नव्या माणसाची नजर प्रथम वाशावर जाते, तिथून वर चढते, आणि मग तो हमखास विचारतो की, ताई, त्या टोकावर पुस्तक कसले ठेवले आहे. मी जमिनीवर, माझ्या ग्रंथांच्या ढिगावर बसलेला असतो (खुर्च्या ही आल्यागेल्यांना बाहेर देते). मी सविस्तर उत्तर देण्यासाठी घसा साफ करतो. पण तोवर हिने सुईवरची नजर न काढता सांगून टाकलेले असते.

"अख्खं घर त्या पुस्तकावर उभं आहे. ह्यांनी तेवढंच वाचलेलं नाही."